दहावीच्या फेरपरीक्षेची म्हणजे पुरवणीची गणित बॅच, ६ आठवडे, ३५०० रुपये: पाचपैकी चार तारे

आधीच सांगतो, क्लासचं नाव-पत्ता ह्यात नाही. सरांनीच बजावलंय (मी कापडाच्या पेढीवर दिवाणजी, म्हणजे बिलं-हिशोब बघणारा), "दिवाणजी, काय लिहायचं ते लिहा पण नाव टाकू नका, खोलीत बारा पोरं मावतात आणि आत्ताच चौदा आहेत." इचलकरंजीतल्या लोकांना वर्णनावरनंच कळेल कुणाबद्दल बोलतोय ते, बाकीच्यांनी आपापल्या गावात असा कुणी मास्तर सापडतो का बघावं म्हणून लिहितोय. कारण २०२५ च्या मे महिन्यात मी स्वतः मोबाईलवर 'दहावी गणित पुरवणी क्लास' टाकून लई शोधलं, जिकडं तिकडं नुसत्या जाहिराती, टाय घातलेल्या पोरांचे फोटो, कुणाला ९८ टक्के कुणाला ९९, आणि गणितात गेलेल्या पोराच्या बापानं नेमकं कुठं जायचं हे एकानं लिहिलं असेल तर शपथ.

तर १३ मे ला दुपारी १ वाजता निकाल लागला. राज्याचा ९४.१० टक्के, आपला कोल्हापूर विभाग राज्यात दुसरा, पेढीवर सगळे मोबाईल काढून बसलेले आणि ज्याच्या त्याच्या पोराचे पेढे यायला लागलेले. आमच्या चिरंजीवांचं मराठी ७१, सामाजिक शास्त्रं ६८, विज्ञान ४१, आणि गणित २४. शंभरपैकी. मी म्हटलं परत बघ, नंबर चुकला असेल. नंबर चुकला नव्हता. पोरगं दोन दिवस वरच्या खोलीतनं खाली आलं नाही आणि बायको माझ्याशी बोलेना, जणू पेपर मी दिलेला.

खरं तर एका अर्थानं मी दिलेलाच होता. १९९६ च्या मार्चला मी पण गणितातच गेलेलो. तेव्हा गणित १५० मार्काचं असायचं, बीजगणित ७५ आणि भूमिती ७५, आणि परत बसायचं म्हणजे थेट ऑक्टोबरची वारी. ऑक्टोबरला सुटलो, पण कॉलेज कधीच सुरू झालेलं, वर्ष गेलं ते गेलंच, त्या रिकाम्या वर्षात पेढीवर चिकटलो तो आजतागायत. आता बरं आहे, २०१५ पासनं बोर्ड जुलैत पुरवणी परीक्षा घेतंय आणि २०२५ ला तर निकालच लवकर लागल्यामुळं २४ जूनलाच सुरू झाली, शिवाय एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला ॲडमिशन पण मिळतं. हे सगळं मला त्या दिवशी माहीत नव्हतं, शाळेत गेलो तेव्हा क्लार्कनी सांगितलं, फॉर्म शाळेतनंच भरायचा असतो तो पण त्यांनीच भरून घेतला. १३ मे ते २४ जून, मोजले तर बरोबर ४२ दिवस.

आधीच्या क्लासबद्दल दोन ओळी, नाव त्याचं पण घेत नाही. नववीपासनं पोरगं तिथंच, दहावीचे वर्षाला २८ हजार, एसी, फळ्याच्या जागी मोठा टीव्ही, ॲपवर टेस्ट. ॲपवर दर शनिवारी मार्क यायचे ४०पैकी ११, ४०पैकी ९, खाली एक लाल बाण यायचा आणि 'अजून मेहनत हवी' असं वाक्य. वर्षभर तेच वाक्य. कशात मेहनत हवी हे काय कुणी सांगितलं नाही, आणि चूक माझी पण आहे, मी विचारलं नाही. एसी बघून आपल्याला वाटतं आत शिकवत असतील.

ह्या सरांचा पत्ता दिला शेजारच्या जॉबरनी (माग दुरुस्त करणारा), त्याची पोरगी दोन वर्षांमागं ह्यांच्याकडनंच सुटलेली. हायस्कूलवर गणित शिकवून रिटायर झालेले, वय सत्तरीच्या पुढं, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. क्लास म्हणजे कारखान्याच्या शेडवरची एक खोली. खाली कापडाचे चोवीस माग चालू, वर बीजगणित. जिना लोखंडी, अरुंद, पावसात निसरडा, आणि २०२५ ला पाऊस मे मध्येच सुरू झालेला तुम्हाला माहीतच आहे. खोलीत एक फळा, सतरंजी, एक पंखा. पंखा फळ्याजवळ, म्हणजे वारा फक्त सरांना. पहिल्या दिवशी मी जिन्यात उभा राहून ऐकायला लागलो तर खालच्या खटखटीत मला एक शब्द कळेना, पण पोरांना कळत होतं, कारण आमच्या गावची पोरं मागाच्या आवाजातच वाढलेली, त्यांना आवाज बंद झाला की जाग येते.

वेळ सकाळी ७ ते ९.३०. सात वाजून पाच मिनिटांनी सर आतनं कडी घालतात. तिसऱ्या दिवशी आमचं पोरगं ७.०८ ला पोचलं आणि परत घरी आलं. बायको चिडली, म्हणाली हा कसला क्लास, पैसे घेतलेत ना. चौथ्या दिवशी पोरगं पावणेसातला जिन्यात बसलेलं.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. पहिल्या दिवशी मला वाटलं सर पोराला काहीतरी सोडवायला देतील, कुठं कच्चं आहे बघतील. तसलं काही नाही. मला विचारलं, "पेपरची छायाप्रत मागवलीय का?" मी म्हटलं सर, २४ आहेत, रिचेकिंगला टाकून काय ३५ होणार आहेत का. तर म्हणाले, "मार्क वाढवायला नाही ओ, बघायला. पोरगं कुठं पडलं ते बघायला नको? गाडी ठोकल्यावर आधी गाडी बघता का नवीन गाडीचं माहितीपत्रक?" बोर्डाकडनं उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, एका विषयाला ४०० रुपये, ऑनलाइन अर्ज करायचा. निकालानंतर ठरावीक दिवसच मुदत असते, त्यामुळं ज्यांना करायचंय त्यांनी रडारड आटोपून पहिल्या आठवड्यातच करा. आमची आली जूनच्या पहिल्या आठवड्यात. २८ हजाराच्या वर्षभरात जे कळलं नाही ते ह्या ४०० रुपयात कळलं.

सरांनी मला पण बोलवलं त्या दिवशी, क्लास सुटल्यावर. सतरंजीवर पानं पसरली. बीजगणितात ४०पैकी ७, भूमितीत ४, राहिलेले १३ शाळेच्या वीसमधले. सर लाल पेन न घेता नुसतं बोट फिरवत चाललेले. एका ठिकाणी थांबले. दोन समीकरणं होती, सात एक्स वजा दोन वाय बरोबर सोळा, आणि तीन एक्स अधिक वाय बरोबर पाच. पोरानं दुसऱ्याला दोननं गुणलेलं, बेरीज केलेली, तेरा एक्स बरोबर सव्वीस, एक्स बरोबर दोन, वाय बरोबर वजा एक. आणि त्या सगळ्यावर दोन आडव्या रेघा. खोडलेलं. सर म्हणाले, "हे बरोबर आहे. का खोडलंस?" पोरगं गप. परत विचारलं. तर म्हणतंय, "वजा आलं सर. मला वाटलं चुकलं."

मला काय बोलावं कळेना. बरोबर आलेलं उत्तर पोरानं स्वतःच्या हातानं खोडलं, कारण वजा आलं. आणि असं एकदा नाही, दोन्ही पेपरात मिळून तीन ठिकाणी. सरांनी ताळा करून दाखवला, सात दुणे चौदा, अधिक दोन, सोळा. बरोबर. दुसरं, तीन दुणे सहा, वजा एक, पाच. बरोबर. "दहा सेकंदाचं काम. खोडायच्या आधी ताळा. ताळा जमत नसंल तर खोडू नकोस, तसंच ठेव, तपासणाऱ्याला ठरवू दे." त्या दिवसापासनं पोराच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे: खोडायचं नाही.

दुसरी गोष्ट दिसली ती कृती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रत्येक पेपर ४० मार्काचा, त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात 'अ' भागात कृती असतात, गणित त्यांनीच सोडवत आणलेलं असतं, मधल्या चौकटी रिकाम्या, त्या आपण भरायच्या. दुसऱ्यात ४ मार्क, तिसऱ्यात ३, एका पेपरात ७ आणि दोन्ही मिळून १४. आमच्या पोरानं एक पण चौकट भरलेली नव्हती. विचारलं तर म्हणे ते बघूनच अवघड वाटतं, लई लिहिलेलं असतंय. १४ मार्क टेबलावर ठेवून आलं पोरगं. सरांनी मग आठवडाभर दुसरं काही केलंच नाही, रोज दहा कृती, नुसत्या चौकटी. पहिल्या दोन दिवसात चार-पाच जमायच्या, आठवड्यानं नऊ.

सरांचा हिशोब सरळ आहे आणि तो सगळ्यांना आवडेल असं नाही. ते धडा पहिला, धडा दुसरा असं जातच नाहीत. पहिल्या प्रश्नाचे पर्यायवाले ४ आणि एका मार्काचे ४, मग कृतीचे ७, ह्यातनंच अर्धं काम होतं म्हणतात. त्यापुढं सांख्यिकी, संभाव्यता, अंकगणित श्रेढी, अर्थनियोजन. भूमितीत रचना, पायथागोरस, निर्देशक भूमितीतलं अंतराचं सूत्र, महत्त्वमापनाची सूत्रं. त्रिकोणमितीच्या लांबलचक सिद्धता आणि वर्तुळाची मोठी प्रमेयं सरळ सोडून दिली. एका पोरीनं विचारलं पण, सर प्रमेय नाही घ्यायचं का, तर म्हणाले, "बाळा, तुला आत्ता पलीकडं जायचंय, पोहायला नंतर शिकवतो." मला हे ऐकताना थोडं लागलं. म्हणजे पोरगं गणित शिकलं नाही, गणितातनं सुटायला शिकलं. पण ४२ दिवसात दुसरं काय होणार होतं तेही कळत नाही.

अंकगणित श्रेढी भिशीवर शिकवली. पहिल्या महिन्यात ५००, दर महिन्याला ५० वाढवायचे, बारा महिन्यांनी किती? पोरं बोटं मोजायला लागली, सरांनी सूत्र लिहिलं, ९३००. मग म्हणाले आता घरी जाऊन आईला विचारा भिशीत किती जमले आणि ताळा करा. दुसऱ्या दिवशी तीन पोरांच्या घरच्या भिशीची सगळी माहिती क्लासला कळलेली होती, त्यावरनं एका घरी भांडण पण झालं म्हणे.

संभाव्यतेला खरे पत्ते आणले. कारण पोरांना पत्ते माहीतच नाहीत हो, मोबाईलवर काय खेळतात ते खेळतात, पण बदाम आणि चौकट लाल, इस्पिक आणि किलवर काळे, प्रत्येकी तेरा, गुलाम राणी राजा मिळून बारा चित्रांचे, हे पाठ केलेलं असतं, बघितलेलं नसतं. सरांनी सतरंजीवर चौघाचौघांचे कोंडाळे केले आणि पत्ते वाटले. नेमकी त्याच वेळी एका पोराची आई डबा द्यायला वर आली. सकाळी आठला, कारखान्यावरच्या खोलीत, नापास झालेली पोरं गोल बसून पत्ते हातात घेऊन, आणि मधे म्हातारा. ती बाई जिन्यातनं तशीच ओरडत खाली गेली. सरांना खाली जाऊन तिला समजवावं लागलं, आणि तेवढ्या वेळात पोरांनी एक डाव खरंच मांडला.

जीएसटीचं मात्र माझ्या वर्मी बसलं. मी दिवसभर पेढीवर कापडाची बिलंच मारतो. कापडाला ५ टक्के, त्यातला अडीच केंद्राचा अडीच राज्याचा, चाळीस हजाराच्या मालावर हजार आणि हजार, मला झोपेत विचारा. आणि छायाप्रतीत अर्थनियोजनाचा प्रश्न अख्खा कोरा. सर काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी मी पेढीवरची पाच जुनी बिलं झेरॉक्स करून नेऊन दिली, नावं झाकून. मग सरांनी पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवून त्या बिलांवर घेतलं, करपात्र किंमत कुठली, एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा नंबर) कुठं, कर किती, मालकानं सूत घेताना भरलेला कर वजा करून भरायचा किती. पोरगं घरी येऊन मला म्हणालं, "पप्पा, तुम्ही हेच करता व्हय?" सोळा वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यानं मी काय करतो ते.

अजून एक बारकं सांगायचं राहिलं, कंपासचं. भौमितिक रचना म्हणजे हातचे मार्क असं सगळे म्हणतात, आमच्या पोराचे तिथंही गेलेले. सरांनी त्याला साडेतीन सेंटीमीटरचं वर्तुळ काढायला लावलं. काढलं. तर सुरुवात आणि शेवट जुळेना, दोन मिलिमीटरची फट. सरांनी कंपास हातात घेऊन हलवला, सांध्याचा स्क्रू ढिला, पाय फिरवता फिरवता पसरायचा. पाचवीत घेतलेली कंपासपेटी ती. सरांनी खिडकीतनं खाली हाक मारली, खालनं एका कामगारानं सुताचा तुकडा वर दिला, तो सांध्यात तीन वेढे घालून स्क्रू आवळला. कंपास असला घट्ट झाला की बास. तोच घेऊन पोरगं परीक्षेला गेलं, नवीन घेऊया म्हटलं तर नको म्हणालं. आता विचार करा, पाच वर्षं, दोन क्लास, एक शाळा, आणि आई-बाप, कुणाच्याच लक्षात आलं नाही की ह्याचं वर्तुळ बंद होत नाही.

पुस्तकांचं म्हणाल तर सरांनी एक पण गाईड घ्यायला लावलं नाही. बालभारतीचं गणित भाग १ आणि भाग २, ज्यांचं फाटलं असेल त्यांनी बालभारतीच्या साइटवरनं पीडीएफ फुकट उतरवून घ्यायची, आणि मागच्या पुरवण्यांचे पेपर झेरॉक्स. दर रविवारी दोन तासाचा पेपर, घड्याळ लावून, एक रविवार बीजगणित एक रविवार भूमिती. बोर्ड शेवटी १० मिनिटं जादा देतं ती पण सर धरतात, पण त्या १० मिनिटात नवीन काही सोडवायचं नाही असा नियम, फक्त प्रश्नांचे नंबर बरोबर टाकलेत का आणि चौकटी रिकाम्या राहिल्यात का ते बघायचं. तपासून त्याच दिवशी संध्याकाळी परत. मार्कांच्या खाली लाल बाण नाही, एक वाक्य असायचं. आमच्या पोराच्या एका पेपरवर लिहिलेलं, 'बेरीज शिक.' बस एवढंच. आणि खरंच, अपूर्णांकाच्या बेरजेत मार खात होता, सरांनी त्याला चार दिवस पाचवीची बेरीज करायला बसवलं, वर्गात सगळ्यांसमोर, पोरगं लाजलं पण शिकलं.

आता तक्रारी, कारण नुसतं गोड लिहिलं तर लोकांना वाटेल माझा नातेवाईक आहे.

पोरींची सोय नाही. चौदात तीन पोरी होत्या, बाथरूमला जायचं तर जिना उतरून गल्ली ओलांडून सरांच्या घरी. सरांच्या मंडळी चांगल्या आहेत, पण अडीच तासाच्या क्लासला हे बरोबर नाही, मी सरांना बोललो पण. गाडी लावायला जागा नाही, सुताचे टेम्पो येतात सकाळी, पोरांच्या सायकली दोनदा पाडल्या. पावती मागितली तर सर वहीत लिहून सही करून दिली, छापील काही नाही. फी दोन हप्त्यात घेतात हे चांगलं. एका पोराची पूर्ण फी माफ केली हे मला दुसऱ्याकडनं कळलं.

सरांकडं बटणाचा मोबाईल आहे. व्हॉट्सॲप ग्रुप नाही, व्हिडिओ नाही, एक दिवस बुडला की बुडला. आमचं पोरगं तापानं दोन दिवस गेलं नाही तर महत्त्वमापनातला शंकूचा भाग राहिला तो राहिलाच. आणि सर एकदा जुन्या आठवणीत गेले की वीस मिनिटं परत येत नाहीत, पोरं मुद्दाम विचारतात मग, सर तुमच्या वेळी कसं होतं. ते पण असो.

बोलतात तिखट. मारत नाहीत, पण जिभेनं सोलतात. आमच्या पोराला चाललं, एका पोराला नाही चाललं, तो दहा दिवसात सोडून गेला. तुमचं पोर हळवं असेल तर आधी स्वतः जिन्यात बसून दोन दिवस ऐका. सर काही म्हणत नाहीत, मी बसायचो.

आणि सगळ्यात मोठं, हा क्लास कुणासाठी नाही. ज्याला ६० चे ८५ करायचेत त्यानं जाऊ नये. ज्याला पुढं सायन्स घेऊन इंजिनीअरिंगच्या परीक्षा द्यायच्यात त्यानं तर अजिबात नको, सर स्वतःच परत पाठवतात. एक जण आला होता, मुलीला ५८ मिळालेत, श्रेणीसुधारला बसवायचंय म्हणून, सर म्हणाले तुमच्या मुलीला शिकवायला मला वर्ष लागेल, ह्यांना सहा आठवडे पुरतात, तुम्ही दुसरीकडं बघा.

पेपर कसे गेले ते सांगतो. बीजगणिताच्या दिवशी धो धो पाऊस, सेंटर दुसऱ्या शाळेत, अनोळखी. मी सोडायला गेलो तर गेटवर सर उभे, छत्री घेऊन, तेराच्या तेरा पोरांना आत जाताना एकच विचारत होते, "खोडायचं?" आणि पोरं म्हणायची "नाही." मला हसू पण आलं आणि काय झालं माहीत नाही, मी तिथनं पटकन निघालो. बाहेर आल्यावर पोराला विचारलं कसा गेला तर म्हणालं, "सगळ्या चौकटी भरल्या." भूमिती जरा जड गेली, रचना जमली, वर्तुळ बंद झालं म्हणाला.

जुलैच्या शेवटी निकाल. ४६. पेढीवर मी पेढे वाटले ४६ चे, लोक हसले, हसू देत. शेठनी विचारलं किती टक्के, मी म्हटलं शेठ, टक्के विचारू नका, पेढा खावा. अकरावीला कॉमर्सला ॲडमिशन घेतलंय, २०२५ पासनं ते पण सगळ्या राज्यात ऑनलाइन केल्यामुळं त्याची वेगळीच कथा आहे, ती इथं नको. चौदातला एक गेला सोडून, तेरा बसले, तेरातले अकरा सुटले असं सरांनी सांगितलं. दोन राहिलेल्यांना परत बोलवलंय, त्यांच्याकडनं फी घेणार नाहीत म्हणे, पण छायाप्रत आणल्याशिवाय जिना चढू देणार नाहीत.

एक तारा का कापला ते सांगून थांबतो. खरं तर पोरींच्या बाथरूमसाठी कापायला पाहिजे होता, पण ते काम सरांनी सुरू केलंय, जिन्याखाली, मी बघून आलो, फरशी बसलीय, दार राहिलंय. तारा कापला पंख्यासाठी. ४२ दिवस पोरगं घामानं भिजून घरी यायचं, वहीची पानं चिकटायची. मागच्या रविवारी पेढे घेऊन सरांकडं गेलो तर मोठ्या उत्साहानं म्हणाले, "दिवाणजी, वर चला, नवीन पंखा बसवलाय." गेलो. जुना काढलेला, नवीन त्याच हुकाला, फळ्याजवळ, वारा फक्त सरांना.